कोमट पाण्यातली शर्यत

निनादने मुर्शिदाबादच्या स्पर्धेला नाव दिलं आहे. भागीरथीत, जियागंज ते बहरामपूर, १९ किलोमीटर. जंगीपूरहून सुटणारी ८१ किलोमीटरची मोठी शर्यत त्याने पुढे कधीतरी करायची ठरवली आहे. त्याची आत्या मुंबईच्या समुद्रात पोहत मोठी झाली. नंतर पुण्यात तिने मुलांच्या पिढ्या पोहायला शिकवल्या, आणि शर्यतींना ती अजूनही बोटीतून जाते. जूनमधल्या एका रविवारी निनाद सामानाची यादी घेऊन तिच्याकडे गेला, तेव्हा झालेलं हे बोलणं.

आत्या: बघू यादी. गॉगल दोन, व्हॅसलिन, टोपी, केळी, ग्लुकोज... आणि ही गरम पाण्याची पिशवी कशाला?

निनाद: शर्यत संपल्यावर. बाहेर आलं की माणूस कुडकुडतो ना. सगळ्या व्हिडिओत दाखवतात, आल्या आल्या ब्लँकेट आणि गरम पिशवी.

आत्या: ते व्हिडिओ इंग्लिश खाडीचे. तिथलं पाणी भर उन्हाळ्यात पंधरा ते अठरा अंश. तू चालला आहेस बंगालमध्ये, पावसाळ्याच्या अखेरीला. तिथे तुला थंडी काही करणार नाही, करेल तर उष्णता करेल. पिशवी खोड आणि त्या जागी बर्फाचा खोका लिही.

निनाद: पाण्यात कसली उष्णता, आत्या? उन्हात धावणाऱ्याचं समजू शकतो. आपण तर पाण्यातच असतो की.

आत्या: हेच ऐकत आले मी इतकी वर्षं. आईबाप म्हणतात, आयोजक म्हणतात, चांगले शिकलेसवरलेले लोक म्हणतात. पाण्यात आहे म्हणजे गार आहे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आता नीट ऐक. हात मारताना अंगातली जी शक्ती खर्च होते, त्यातली शंभरात दहासुद्धा तुला पुढे ढकलायला लागत नाही. बाकीची सगळी उष्णता होते आणि ती अंगाबाहेर जायला हवी. जमिनीवर ती घामावाटे जाते. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तर अंग गार होतं. पाण्यातही घाम येतो, भरपूर येतो, पण वाळणार कुठे? माठ खिडकीत ठेवला तर पाणी गार होतं. तोच माठ हौदात बुडवून ठेवलास, तर हौदातलं पाणी जसं तसंच माठातलं.

निनाद: पण पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं ना? हवेपेक्षा पंचवीसपट का काय, असं वाचलंय मी.

आत्या: बरोबर वाचलं आहेस, पण ओढायला ते तुझ्यापेक्षा पुरेसं गार हवं. तुझ्या पोटातलं तापमान ३७. टँकमधल्या मोठ्या शर्यतींना पाणी २५ ते २८च्या मध्ये ठेवतात, म्हणजे नऊ ते बारा अंशांचा फरक. नदी तिशीला गेली की फरक सातावर आला. एकतिसाला गेली की सहावर. ज्या वाटेने उष्णता बाहेर जायची ती अरुंद झाली, आणि तू मात्र तितक्याच जोराने हात मारतो आहेस. रक्त एकीकडे दंडांना हवं असतं, दुसरीकडे कातडीकडे पाठवायचं असतं. दोन्ही करता करता छाती धडधडायला लागते. वर घामाने अंगातलं पाणी गेलं, तर रक्तच कमी पडतं.

निनाद: हं. फरक कमी, म्हणून उष्णता आतच राहते. कळलं. पण तसं व्हायला लागलं की मला कळेल ना?

आत्या: सांगते. आधी फुजैराचं ऐक, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं वजन तुलाच समजेल. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये अमिरातीतल्या फुजैराला विश्वचषक मालिकेतली शेवटची दहा किलोमीटरची शर्यत होती. पाणी तिशीच्या घरात, वर कडक ऊन. त्यात अमेरिकेचा फ्रान क्रिपेन होता, सव्वीस वर्षांचा. आदल्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत त्याने दहा किलोमीटरमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. म्हणजे नवखा नाही. शर्यत संपली, मुलं बाहेर आली, आणि हा दिसेना. ते लक्षात आलं कोणाच्या? त्याच्यासोबत पोहलेल्यांच्या. नुकतेच दहा किलोमीटर मारून आलेले पोहणारे त्याला शोधायला पुन्हा पाण्यात उतरले. जवळजवळ दोन तासांनी पाणबुड्यांना त्याचा मृतदेह सापडला. त्या दिवशी आणखी काही जणांना उष्णतेच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

निनाद: म्हणजे उष्माघातानेच गेला तो?

आत्या: तसं ठामपणे म्हणू नकोस. चौकशीत हृदयाचा दोष, व्यायामाने उसळणारा दमा अशा शक्यताही मांडल्या गेल्या. पण पाणी गरम होतं आणि त्याच्यावर कोणाचा डोळा नव्हता, या दोन गोष्टींबद्दल वाद नाही. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त भयंकर. एवढी मोठी शर्यत, आणि एक माणूस पाण्याखाली गेला तरी काठावर पत्ता नाही!

निनाद: आणि त्यालाही कळलं नसेल? एवढा कसलेला माणूस. मग मला कसं कळणार?

आत्या: येते रे त्याच्यावर, म्हटलं ना. त्यानंतर फिनाने, म्हणजे आताच्या वर्ल्ड ॲक्वाटिक्सने, नियम केला. पाणी ३१ अंशांच्या वर असेल तर शर्यत नाही. शर्यतीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मधोमध, ४० सेंटिमीटर खोल मोजायचं. अमेरिकेने आपल्या देशातल्या लांब शर्यतींसाठी त्याहून खाली रेघ मारली, ८५ फॅरेनहाइट, म्हणजे साडेएकोणतीसला थोडं कमी. आता माझं गाऱ्हाणं ऐक. आपल्याकडे ३१ हा आकडा लोकांनी परवान्यासारखा धरला आहे. तीस पॉइंट आठ भरलं की सोडा मुलं पाण्यात! अरे, ती शेवटची हद्द आहे. तीही जगातल्या निवडक, दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर पोहणाऱ्या लोकांसाठी. बारा वर्षांच्या पोरीसाठी नाही, आणि पन्नाशीत पुन्हा पोहायला लागलेल्या गृहस्थांसाठीही नाही. शिवाय पहाटे मोजलेलं पाणी दुपारी तेच राहतं का? उथळ खाडीत ओहोटीच्या वेळी ऊन तळापर्यंत जातं. पाय टेकवून बघ कधी, चटका नसेल पण गार तर मुळीच नसतं.

निनाद: मग मोठ्या स्पर्धा काय करतात?

आत्या: पहाटे घेतात. तोक्योच्या ऑलिंपिकला ओदैबाच्या खाडीत दहा किलोमीटरची शर्यत सकाळी साडेसहाला सुटली, ती पाणी तापतं म्हणूनच. त्याआधी २०११ला शांघायला पंचवीस किलोमीटरच्या शर्यतीत पाणी इतकं गरम होतं की काही नावाजलेल्यांनी उतरायलाच नकार दिला. ॲलेक्स मेयर त्यांतला एक. आदल्या वर्षी पंचवीस किलोमीटरचं विजेतेपद त्यानेच मिळवलं होतं, आणि क्रिपेन त्याचा मित्र. जगज्जेता माणूस काठावर उभा राहून 'मी नाही उतरत' म्हणाला, याला मी पदकापेक्षा मोठं मानते. आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. 'हार मानू नकोस' एवढंच सांगतात.

निनाद: आपल्याकडेही सकाळीच असतात की शर्यती.

आत्या: पत्रिकेत असतात! सातची वेळ छापतात. पाहुणे यायचे असतात नऊला. मग हार, नारळ, दोन शब्द, ते दोन शब्द वीस मिनिटांचे. तोवर पोरं वाळूत उभी. अंगाला व्हॅसलिन चोळलेलं, डोक्यावर रबरी टोपी, आणि ऊन डोक्यावर चढत चाललेलं. घाम इथेच सुरू. पोरं पाण्यात शिरतात तेव्हा अंग आधीच तापलेलं असतं, आणि ज्या दोन गार तासांत निम्मं अंतर झालं असतं ते भाषणात गेलेले असतात. मी एका ठिकाणी माईकजवळ जाऊन सांगितलं की पोरांना आधी सोडा, सत्कार नंतर करा. तर म्हणाले, बाई, कार्यक्रमाला काही शिस्त असते. कसली शिस्त? समुद्राला भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे, उन्हाला आहे. ते पाळणं ही शिस्त.

निनाद: बरं, बरं. मी सावलीत थांबेन.

आत्या: सावलीत थांब, आणि टोपी शेवटच्या पाच मिनिटांत घाल. सिलिकॉनची जाड टोपी नको, पातळ लॅटेक्सची घे. पाण्याबाहेर उघडं राहतं ते डोकंच. तेवढं तरी गार होऊ दे. रंग मात्र भडक हवा, बोटीतून दिसायला. व्हॅसलिन काखेत, मानेला, मांड्यांना, जिथे घासतं तिथेच. पाठीला आणि मानेच्या मागे उन्हाचं मलम. पाठ भाजली की त्रासात भरच पडते.

निनाद: लिहिलं. सराव चालू आहेच. रोज पाच किलोमीटर, पहाटे.

आत्या: इथेच मला तुझी काळजी आहे. पुण्यात ऑगस्टमध्ये पाऊस. टँक गारठलेला, तुला बरं वाटणार, वेळही चांगली येणार. आणि तिथून उचलून तू स्वतःला थेट त्या कोमट नदीत नेऊन टाकणार. उष्णतेची सवय अंगाला लावावी लागते. दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्याच कष्टाला छाती कमी धडधडते. पाण्यात घामाचा उपयोग नसला तरी रक्त वाढल्याचा आहे. जमलं तर आठवडाभर आधी तिथे जा आणि रोज नदीत हळू पोह. नाही जमलं तर इथे पोहून आलास की लगेच चाळीस अंशांच्या पाण्यात टबात बस. आधी वीस मिनिटं, मग वाढवत चाळीसपर्यंत, सलग सहा-सात दिवस. घरात कोणीतरी असताना आणि दार न लावता. उठताना सावकाश उठ, चक्कर येते. आणि हे निघायच्या तोंडावर कर. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते.

निनाद: हे सोपं आहे. बाबांना हसू येईल, पण करतो.

आत्या: हसू देत. मिहिर सेन १९५८ला इंग्लिश खाडी पोहले, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. त्याच माणसाने १९६६च्या एप्रिलमध्ये पाल्कची सामुद्रधुनी पार केली, पंचवीस तासांवर पोहून. एप्रिलमधला तिथला समुद्र! त्याची किती जण आठवण काढतात? आमच्याकडे येणारी पोरं बर्फाच्या पिंपात बसून फोटो काढतात, खाडीची तयारी म्हणे. खाडीला जाणार त्यांतला एखादा. बाकीचे पोहणार मालवणला, मुंबईला, गोव्यात, बंगालमध्ये. आपलं पाणी कोमट आहे. त्याचा अभ्यास आपण नाही करायचा तर कोणी करायचा?

निनाद: आत्या, खाण्यापिण्याचं सांग ना. मी दर अर्ध्या तासाला पाणी घ्यायचं ठरवलंय.

आत्या: अर्धा तास फार झाला. पंधरा-वीस मिनिटांनी घे, दोनशे मिलीच्या आसपास. पाण्यात तहान नीट लागत नाही, तोंड ओलंच असतं. वर आणखी एक गंमत आहे. अंग पाण्यात असलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून लघवी वाढते. म्हणजे घाम जातो, लघवी जाते, आणि तहान गप्प. तहानेवर विसंबू नकोस, घड्याळावर विसंब. नुसतं साधं पाणीही ढोसू नकोस, त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. ओआरएस घे किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत, आणि ते थंडगार. बर्फाचा चुरा घालून थर्मासमध्ये. सुरुवातीच्या अर्धा तास आधीही तसाच चुरा खा. पोटात बर्फ वितळतो तो आतली उष्णता घेऊनच. तेवढीच थोडी सवड मिळते.

निनाद: घसा बसेल.

आत्या: गाणं म्हणायला चालला आहेस का? आणि प्रवासात उघड्यावरचं काही खाऊ नकोस. पोट बिघडलं असेल, ताप येऊन गेला असेल, तर शर्यत रद्द. तिथे वाद नाही.

निनाद: नाही, वाद नाही. पण मघापासून माझा प्रश्न तसाच आहे. पाण्यात असताना, त्रास सुरू झाला की मला कळणार कसं?

आत्या: डोकं ठणकायला लागतं. मळमळतं. गरम पाण्यात असूनही अंगावर काटा येतो, थंडी वाजल्यासारखं होतं. हात जड होतात. चिडचिड होते, बोटीतल्या माणसाचा राग येतो.

निनाद: म्हणजे यातलं काही झालं की थांबायचं. पण हात तर दहा किलोमीटरनंतर तसेही जड होतात. डोकं गॉगलच्या पट्ट्याने पण दुखतं. मग नेमकं कुठलं धरायचं?

आत्या: काटा आला तर थांबायचंच.

निनाद: आणि काटा आलेलाच कळला नाही तर?

आत्या: निनाद, खरं सांगू? तुला कळणार नाही. म्हणजे सुरुवातीला कळेल. तेव्हा वेग कमी कर, थंड पी, बोटीच्या सावलीत ये. पण ती वेळ निघून गेली तर नाही. कारण उष्णता चढली की पहिलं बिघडतं ते डोकं, आणि 'मला त्रास होतोय' हे ठरवायचं कामही डोक्याचंच. धावणारा भोवळ येऊन रस्त्यावर पडतो, दहा माणसं धावतात. पोहणारा भोवळला की पाण्याखाली जातो, आवाजसुद्धा होत नाही. म्हणून मघापासून मी तुझ्या प्रश्नाला बगल देते आहे. त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही, बोटीत आहे. बोटीत कोण आहे तुझ्या?

निनाद: रोहित येतोय. तो व्हिडिओ काढणार आहे.

आत्या: व्हिडिओ! डोळे मोबाइलमध्ये असलेला माणूस बोटीत असला काय आणि नसला काय! एका खाडीतल्या शर्यतीचं सांगते तुला. मी एका मुलाच्या बोटीत होते, दहावीतला असेल. छान लयीत चालला होता, मिनिटाला ६८ हात. मी दर दहा मिनिटांनी मोजते आणि वहीत लिहिते, ही माझी जुनी सवय. ६८, ६७, ६८. मग ६३. म्हटलं, दमला असेल. पुढच्या वेळी ५८. आणि उजवा हात डोक्याच्या पलीकडे, डावीकडे पडायला लागला. तो सरळ रेषेत जाईना, सारखा बोटीकडे यायचा. मी विचारलं, 'बरा आहेस ना?' म्हणाला, 'हो.' 'थांबायचं?' 'नाही.' अगदी ठाम. एवढंच ऐकून दुसऱ्या कोणी त्याला जाऊ दिलं असतं. मग मी विचारलं, 'तुमच्या टँकचं नाव काय रे?' त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'किती राहिलं?' मी सांगितलं, आठशे मीटर. पुन्हा विचारलं, 'टँकचं नाव?' पुन्हा तेच, 'किती राहिलं?' आवाज शांत, चेहरा शांत. मी नावाड्याला म्हटलं, घे वर त्याला.

निनाद: आठशे मीटर राहिले असताना?

आत्या: त्याचे वडीलही हेच म्हणाले, सगळ्यांसमोर. आठशे मीटरसाठी पोराचं पदक घालवलंत म्हणाले. मी काही बोलले नाही, पोरगा बोटीत आडवा होता आणि मला काम होतं. पाठीला हात लावला तर तव्यासारखी गरम, आणि त्याच अंगावर काटा उभा. मी बर्फ त्याच्या काखेत, मानेशी आणि जांघेत ठेवत होते. धक्क्याला लागलो तसा एक स्वयंसेवक धावत आला आणि त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळायला लागला! बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला शिकवलंच होतं, पाण्यातून काढलेल्या माणसाला ऊब द्या. मी ब्लँकेट ओढून काढलं. एका मोठ्या टबात पाणी आणि बर्फ होता, मासे ठेवायचा टब होता तो, त्यात पोराला गळ्यापर्यंत बसवलं. डोकं मी धरून होते. तासाभराने मुलगा नीट बोलायला लागला, तेव्हा विचारलं, बोटीत कसा आलास? त्याला काहीच आठवत नव्हतं. 'हो' म्हणालेलं नाही, 'नाही' म्हणालेलं नाही, मी दिसलेसुद्धा नव्हते.

निनाद: (जरा वेळ गप्प) मग त्याचे वडील काय म्हणाले?

आत्या: ते राहू दे. तू हे लक्षात ठेव: आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नुसतं बसून राहायचं नाही. उष्माघातात पहिला अर्धा तास मोलाचा. टब असेल तर टब, नसेल तर ओली चादर, वारा आणि बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी तर मुळीच नाही, हा तो ताप नव्हे. आणि काठावरच्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवायचं की अंगावर काटा दिसला म्हणून थंडी वाजते आहे असं समजू नका. काखेत, पाठीला हात लावून बघा.

निनाद: रोहितला हात मोजता येतील.

आत्या: मोजता येतील, पण थांबवता येईल का? तू 'मी बरा आहे' म्हणालास तर तो तुझं ऐकेल की वहीचं? मित्र मित्राचं ऐकतो. म्हणून बोटीत असा माणूस हवा ज्याच्याशी तू आधीच करार केला आहेस. त्याने हात वर केला की शर्यत संपली. त्यावर तू पाण्यातून काहीही म्हणालास तरी ते धरायचं नाही. हा करार जमिनीवर, डोकं ठिकाणावर असताना करायचा. नावाड्यालाही सांगायचा, आयोजकांच्या माणसालाही.

निनाद: आणि मी पाण्यात भांडलो तर?

आत्या: भांडणारच. ते लक्षणच आहे.

निनाद: पण आत्या, समज मला खरंच काही झालेलं नाही, नुसता दमलोय, आणि तू... म्हणजे जो कोण असेल त्याने काढलं बाहेर. मग वर्षभराची मेहनत?

आत्या: मग वर्षभराची मेहनत गेली. पुढच्या वर्षी नदी तिथेच असते. असं उगाच बाहेर काढलं जाणं कमी व्हावं म्हणूनच तर आकडे ठेवायचे. तुझा नेहमीचा आकडा किती?

निनाद: मिनिटाला? बहात्तरच्या आसपास असेल.

आत्या: असेल म्हणजे?

निनाद: मोजला नाही कधी. वेळ बघतो फक्त.

आत्या: बघ, इथे अडलं. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर घसरलेला कसा ओळखणार? पहिल्या किलोमीटरला किती, पाचव्याला किती, दमल्यावर किती उतरतो, हे सगळं आधी कागदावर हवं. दमल्यावर तुझा आकडा चारने उतरत असेल आणि हात सरळच पडत असेल, तर बोटीतला माणूस तुला जाऊ देईल. दहाने उतरला आणि हात वाकडा पडायला लागला तर नाही. दमणं वेगळं आणि तापणं वेगळं, हे तुझ्या आकड्यांवरूनच कळेल. आणि प्रश्नही ठरवून ठेव, दरवेळी पाजताना विचारायचे. 'बरा आहेस का' हा प्रश्नच नाही, त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. घरचा पत्ता विचारायचा, आजचा वार विचारायचा, सत्तावीसमधून आठ वजा करायला लावायचे.

निनाद: सत्तावीसमधून आठ मला आत्ताही पटकन येत नाहीत.

आत्या: मग बारातून पाच. उद्या पहाटे टँकवर येते मी, वही घेऊन. तू पाच किलोमीटर मार, मी दर दहा मिनिटांनी तुझे हात मोजते. रोहितलाही बोलाव, त्याला शेजारी बसवून शिकवते. आणि आयोजकांना आजच फोन करून विचार, बोटीवर छत असतं का, बहरामपूरला घाटावर बर्फ मिळतो का, आणि तिथे माणूस बसेल एवढा टब ठेवतात का. नाही म्हणाले तर टब आपण नेऊ, प्लास्टिकचा, हवा भरायचा असतो तो. यादीत लिही.